विमान पोचलं, आम्ही पोचायचे होतो

हैदराबादहून मुंबईला विमानाने किती वेळ लागतो, हे परत आल्यापासून गौलीगुड्यातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाने मला विचारलं आहे. पानवाल्याने विचारलं, न्हाव्याने विचारलं, आणि ज्यांना कुठेच जायचं नाही अशा दोन पेन्शनरांनी तर दोनदा विचारलं. माझं उत्तर ठरलेलं आहे. आगगाडीची वाट पाचशे मैलांच्या आसपास, हवेतली वाट चारशेच्या आत, आणि वेळ पावणेतीन तास. बाहेर हे उत्तर चालतं. घरात दिलं की यमुना, म्हणजे आमची मंडळी, स्वयंपाकघरातून म्हणते, "उगाच खोटं सांगू नका." ती असं का म्हणते हे सांगायचं, तर सगळा प्रवासच सांगावा लागेल.

गौलीगुडा

आमची मुलगी शकू दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन दादरला गेली. मागच्या साली पाचव्या महिन्यात एकदा निराशा झाली होती. यंदा सगळं नीट चाललं होतं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी या रिवाजाप्रमाणे ती दिवाळीआधी हैदराबादला यायची होती. आम्ही मागच्या खोलीला चुना दिला. डिंक, खारीक, अळीव भरून ठेवले. शेजारच्या जैनब खालांनी त्यांचा शिसवी पाळणा माळ्यावरून काढून, पुसून, आमच्याकडे आणून ठेवला. माणूस सोडून सगळं जागेवर होतं.

तेवढ्यात जावईबापूंची तार आली. शकूच्या पायांना सूज, डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात, आईंना ताबडतोब पाठवा. यमुनाने तार माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि म्हणाली, "ती येऊ शकत नाही तर माहेराने तिच्याकडे जायचं."

आगगाडीत दिवाळीच्या गर्दीमुळे जागा नव्हती. वाडीला गाडी बदलून, उभ्याने रात्र काढून, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचायचं. त्यातही तीन दिवसांनंतरची जागा मिळत होती. विमानात दुसऱ्याच दिवशीच्या दोन जागा होत्या. आमच्या घराण्यात तोवर कोणी दुमजली बसमध्येही वरच्या मजल्यावर बसलं नव्हतं. यमुनाने एक क्षण विचार केला, हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं, आणि "काढा तिकिटं" म्हणाली.

दफ्तरात रजा मागायला गेलो तेव्हा तिथे वाटणी चालली होती. हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे होऊन तीन राज्यांत जायचे होते, आणि माणसांच्या आधी सामानाची वाटणी करायची असं ठरलं होतं. प्रत्येक खुर्चीच्या बुडाशी ती कोणत्या राज्याची, हे रंगाने लिहिलं जात होतं. माझ्या खुर्चीखाली 'मुंबई' आलं होतं. मी स्वतः हैदराबादेतच राहायचं लिहून दिलं होतं. पंधरा वर्षांचा आमचा सहवास असा संपणार होता. साहेब म्हणाले, "जा, रजा मंजूर. तुमच्या खुर्चीच्या आधी तुम्ही मुंबई पाहून या."

निघायच्या सकाळी जैनब खाला आल्या. प्रवासाला जाणाऱ्याच्या उजव्या दंडाला त्या इमाम जामिन बांधतात: हिरव्या कापडाच्या पट्टीत एक नाणं शिवलेलं, म्हणजे वाटेत इमाम तुमचा जामीन राहतो. माझ्या दंडाला त्यांनी कधी बांधलं नव्हतं, कारण मी कधी कुठे गेलोच नव्हतो. त्या दिवशीही त्यांनी यमुनाच्याच दंडाला बांधलं.

"भाबी, मुकाम पे पोंचते इच खोल देना. पैसे कोई गरीब को देना. बिच में नक्को खोलना."

"आणि यांना?" यमुनाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"भाईसाब को क्या होता? उनो तो सामान के साथ जा रहे."

बेगमपेठ

विमानतळावर आधी आमचं वजन केलं. सामानाचं करतात हे ऐकलं होतं. माणसांचंही करतात हे माहीत नव्हतं. यमुना काट्यावर चढायला तयार नव्हती. "भरल्या लोकांत?" ती म्हणाली. शेवटी कारकुनाने सौजन्याने तोंड फिरवलं आणि आकडा पाहिला. मग तिची टोपली काट्यावर आली. त्यात धपाटे होते, दुधातल्या दशम्या होत्या, कारळाची आणि शेंगदाण्याची चटणी, लिंबं, आवळासुपारी आणि पितळी तांब्याभर पाणी.

"बाई, विमान पावणेतीन तासांत पोचतं," कारकून म्हणाला. "हे दोन दिवसांचं आहे."

"बंद पडलं तर?" यमुनाने विचारलं.

कारकुनाने टोपलीला चिठ्ठी लावून ती तिच्याच हातात दिली.

विमान वेळेवर निघालं नाही, याचं कारण विमान नव्हतं. आमच्याबरोबर संस्थानाचे एक मंत्री येणार होते. संस्थान संपायला चार-पाच दिवस उरले होते, त्यामुळे त्यांचं मंत्रिपदही तेवढंच उरलं होतं, आणि ज्याला त्याला शेवटचा हार घालायचा होता. बँड होता. भाषणं झाली. एका वक्त्याने सांगितलं की इतिहास आपल्याकडे पाहतो आहे. इतिहासाचं माहीत नाही. वैमानिक मात्र घड्याळाकडे पाहत होता. यमुनाला मुंबईत सुजलेले पाय दिसत होते. ती मला जरा मोठ्यानेच म्हणाली, "एवढी माणसं निरोपाला? यांचंही पहिलंच बाळंतपण आहे का?"

पुढे उभ्या असलेल्या दोघांनी मागे वळून पाहिलं आणि त्यातला एक हसला. मला वाटतं भाषणं त्यानंतर थोडी आटोपती झाली.

वर

विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा त्याची शेपटी खाली असते, त्यामुळे आत शिरल्यावर चढ चढून आपल्या जागी जावं लागतं. बसल्यावर एका हसतमुख मुलीने गोळ्या आणि कापूस आणून दिला. गोळी तोंडात, कापूस कानात. यमुनाने दोन गोळ्या घेतल्या. पुढे जे घडलं त्यामुळे ही गोष्ट नोंदवतो: त्या दिवशी परक्याचं तिने खाल्लेलं एवढंच.

मी प्रवासाच्या नोंदी करायला नवं फाउंटन पेन घेऊन गेलो होतो. उंचावर गेल्यावर पेनातली शाई आपणहून बाहेर येते ही माहिती मला शर्टाच्या खिशाने दिली. म्हणून हे वर्णन आठवणीवरून लिहिलेलं आहे, आणि त्यात निसर्ग कमी आहे. खिडकीची जागा यमुनाने घेतली होती. मी तिला विचारत होतो.

"काय दिसतं?"

"शेतं."

"कोणाच्या हद्दीतली असतील?"

"ज्यांची आहेत त्यांची." थोड्या वेळाने ती म्हणाली, "ज्वारी चांगली आली आहे कुणाची तरी."

मग विमान हवेत आपटू लागलं. आगगाडीचा धक्का पुढून-मागून येतो. हा खालून येत होता. मंत्रिमहोदय आमच्या पुढच्याच रांगेत होते. गळ्यातले हार अजून तसेच होते, आणि त्या बंद जागेत झेंडूचा वास दाटला होता. त्यांचा चेहरा हळूहळू हारातल्या पानांच्या रंगाचा झाला. कागदी पिशवी त्यांनी एकदा वापरली, दुसऱ्यांदाही वापरली. यमुना उठली, सीटला धरत पुढे गेली, आणि म्हणाली, "आधी ते हार काढा गळ्यातले." त्यांनी काढले. तिने लिंबू चिरून त्यांच्या हातात दिलं, वर आवळासुपारी दिली. त्या माणसाने डोळे मिटून ते लिंबू असं चोखलं की माझा त्यांच्यावरचा सगळा राग गेला.

सांताक्रूझला उतरलो तेव्हा त्यांना घ्यायला कोणी हार घेऊन आलं नव्हतं. नुसती एक गाडी होती. ते आमच्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, कुठे जायचंय तुम्हाला?" आणि वाट वाकडी करून त्यांनी आम्हाला दादरला सोडलं. वाटेत ते मुलीच्या बाळंतपणाबद्दल विचारत होते. स्वतःच्या दोन मुलींची बाळंतपणं झाली तेव्हा आपण दौऱ्यावर होतो, असं म्हणाले. उतरताना यमुनाने त्यांना उरलेली आवळासुपारी दिली, आणि त्यांनी ती वाकून घेतली. त्या दिवसातला सगळ्यात साधा आणि चांगला समारंभ तोच होता.

दादर

शकू खाटेवर बसली होती. पाय खरोखरच सुजलेले होते. आईला पाहून ती हसली, मग रडली, मग म्हणाली, "आई, तू विमानात बसलीस?" जणू बाकी सगळं दुय्यम होतं.

आमच्या विहीणबाई, राधाबाई, लगबगीने चहा घेऊन आल्या. यमुनाने कपाला हात लावला नाही.

इथे मला आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी आईबापांनी अन्नाला शिवायचं नाही, पाणीही घ्यायचं नाही. माझ्या आईने तर तो आणखी कडक केला होता: नातू झाल्याशिवाय नाही. एरवी हा नियम त्रासाचा नसतो, कारण बाळंतपण माहेरी होतं आणि आईबाप आपल्याच घरी जेवतात. माहेर उडून सासरी येईल, हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"विहीणबाई, राग मानू नका," यमुना म्हणाली. "आमच्याकडची रीत आहे."

"आमच्याकडेही होती," राधाबाई म्हणाल्या. "पण इतकी माणसं मुंबईत येतात, ती काय हवा खातात?"

शकूचं लक्ष आईच्या दंडावरच्या हिरव्या पट्टीकडे गेलं. "हे सोड की आता. पोचलीस ना?"

यमुनाने तिच्या पोटाकडे पाहिलं. "पोचले कुठे अजून?"

घड्याळाप्रमाणे आम्ही सकाळी हैदराबादेत होतो आणि दुपारी दादरला होतो. पण मागच्या साली त्या घरातून आलेली तार मलाही आठवत होती.

टोपलीतले धपाटे आणि दशम्या दोन दिवस पुरल्या. विमानतळावरच्या कारकुनाचा हिशेब बरोबर निघाला. पाणी मी कोपऱ्यावरच्या नळावरून आणत असे. माझं स्वतःचं इराण्याकडे भागत होतं. मुंबईचा इराणी चहाबरोबर कडक ब्रुन पाव देतो आणि लोणी सढळ लावतो. आपला इराणी चहा जास्त दाट करतो आणि गिऱ्हाईकाला जास्त वेळ बसू देतो. दोघांचाही मी आभारी आहे, पण बसायला जागा हवी असेल तर हैदराबाद.

तिसऱ्या दिवशी टोपली रिकामी झाली, तेव्हा गॅलरीच्या टोकाला राहणाऱ्या पेडणेकरकाकू आल्या. या मूळच्या मालवणच्या, एकट्या, आवाज खणखणीत.

"माझ्याकडे जेवा गो. मी तुमची विहीणय नाय, सोयरीय नाय. माझ्या घराक तुमचो नियम लागणा नाय."

कायद्याच्या दृष्टीने हे बिनचूक होतं. त्या दिवसापासून यमुना गॅलरीच्या त्या टोकाला जेवू लागली. आम्ही ज्वारीची, शेंगदाण्याच्या कुटाची माणसं. काकूंच्या स्वयंपाकात नारळ कशात नाही हे शोधावं लागे. पहिल्या दिवशी यमुना म्हणाली, "सोलकढी म्हणजे औषध आहे का?" चौथ्या दिवशी तिने ती मागून घेतली.

राधाबाईंना मात्र हे लागलं. शेजारणीकडे जेवते आणि माझ्याकडे पाणी घेत नाही. त्या भांडी जरा जोरात ठेवू लागल्या. दिवाळी आली. त्यांनी करंज्या केल्या, चकल्या केल्या, आणि त्या वासात यमुना शकूचे पाय चेपत बसली. मी चकली खाल्ली की नाही, हे या प्रवासवर्णनात येत नाही.

त्याच दिवसांत राज्यं बदलली. आम्ही एका राज्यातून निघालो होतो, ते आता नकाशावर नव्हतं. माझं परभणीकडचं गाव जागचं न हलता मुंबई राज्यात आलं होतं आणि माझं गौलीगुड्यातलं घर आंध्र प्रदेशात गेलं होतं. मी दादरच्या गॅलरीत उभा राहून यावर काही गंभीर वाटतंय का ते पाहिलं. मुंबईत कोणी त्यासाठी तोरणं बांधली नव्हती. तिथल्या मराठी माणसाला हवं ते मिळालं नव्हतं, आणि आकाशकंदील लागले होते ते दिवाळीचे. माझ्यापुरता प्रश्न एवढाच होता की शकूची सूज आज उतरली आहे की चढली आहे.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी राधाबाईंनी एक गोष्ट केली. आपलं वाढलेलं ताट उचललं, गॅलरीतून चालत पेडणेकरकाकूंच्या घरी गेल्या आणि यमुनाच्या शेजारी पाट मांडून बसल्या.

"तुम्ही तिथे खात नाही, तर मी इथे येते," त्या म्हणाल्या. "पाहुणी उपाशी आणि मी घरात करंज्या खाते, हे मला जमायचं नाही."

यमुनाने घास हातातच धरला. मग म्हणाली, "सरकून बसा, भिंतीला चुना आहे." दोघी एकमेकींच्या ताटातलं काही न घेता, पण खांद्याला खांदा लावून जेवल्या. भाऊबीजेपर्यंत जावईबापूही ताट घेऊन तिकडे जाऊ लागले. शकू खाटेवरून ओरडायची, "कुणी घरात आहे का?"

दवाखाना

आम्ही आल्याच्या नवव्या दिवशी पहाटे शकूला दवाखान्यात नेलं. दुपार झाली तरी सुटका होईना. डॉक्टरीणबाई एकदा बाहेर आल्या, कोणाकडेच न पाहता नर्सला काही सांगून आत गेल्या. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. बाकावर यमुना आणि राधाबाई होत्या. यमुनाचा डावा हात उजव्या दंडावर, त्या हिरव्या पट्टीवर घट्ट धरलेला होता. थोड्या वेळाने पाहिलं तर त्या हातावर राधाबाईंचाही हात होता.

चारच्या सुमाराला नर्स आली. बाई ठीक आहेत म्हणाली, थकल्या आहेत, पण ठीक आहेत. मुलगी झाली. वजनाने कमी आहे, आवाजाने नाही.

मी जिन्यातच खाली बसलो. राधाबाईंनी आधी डोळे पुसले. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि यमुनाकडे पाहून हलकेच म्हणाल्या, "मुलगी झाली हो, विहीणबाई."

त्या वाक्यात नाराजी नव्हती. विचारणा होती. त्यांना आमचा नियम पूर्ण माहीत होता, नातवाच्या कलमासकट. मलाही तीच धास्ती वाटली. शकूला पुढचं मूल कधी होईल, होईल की नाही, आणि तोवर ही बाई या घराच्या उंबऱ्यात तहानलेली बसणार का?

यमुना उठली. आत जाऊन शकूच्या कपाळावर हात ठेवला, बाळाला पाहिलं, आणि संध्याकाळी आमच्याबरोबर घरी आली. पेडणेकरकाकू गॅलरीत वाट पाहत उभ्या होत्या. यमुना त्यांना बातमी सांगून त्यांच्या दारावरून परत फिरली. राधाबाईंच्या स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी खाली बसली.

"विहीणबाई, चहा टाका. साखर थोडी जास्त."

राधाबाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. मी, नको ते बोलण्याची माझी सवय आहे म्हणून, बोललो, "आई तर नातू म्हणायची."

"त्या विमानात बसल्या नव्हत्या," यमुना म्हणाली.

राधाबाईंनी इतका चहा केला की तो काकूंना गेला आणि गॅलरीतल्या प्रत्येक दाराला गेला. यमुनाने दोन कप घेतले आणि मागे राहिलेल्या करंज्यांपैकी एक खाल्ली. करंजी मऊ पडली होती. ती म्हणाली, "छान झाली आहे," आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिचं स्वयंपाकाबद्दलचं मत पटलं नाही.

मग तिने दंड पुढे केला. "सोडा आता. पोचलो."

मी पट्टी सोडली, टाके उसवले. आत चारमिनारचं चित्र असलेला जुना निजामी रुपया निघाला. खालांनी जपून ठेवलेला असणार. हैदराबादेतही तो आता दुकानात चालेनासा झाला होता. मुंबईत तर कोणा गरिबाला दिला असता तर त्याने आम्हालाच गरीब समजून परत केला असता. जामीन पक्का होता, चलन बाद होतं.

"आता कोणाला द्यायचा हा?" मी विचारलं.

यमुनाने रुपया पदराला पुसला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घेऊन गेली.

परत

बारसं करून आम्ही आगगाडीने परत आलो. वाडीला गाडी बदलली, हमालाशी त्याच जुन्या बोलीत घासाघीस केली. राज्य नवं असल्याचं त्याच्या बोलण्यात कुठे दिसलं नाही. दफ्तरात गेलो तर माझी खुर्ची मुंबईला रवाना झाली होती. सध्या मी स्टुलावर बसतो आणि तिच्याविषयी मनात काही ठेवत नाही. येताना आम्ही तिला वाटेतच ओलांडलं असणार.

या प्रवासात ज्यांचे आभार मानायचे राहिले ते फार आहेत. वैमानिकाशी मी एक शब्दही बोललो नाही. डॉक्टरीणबाईंशी दोन वाक्यं बोललो. पेडणेकरकाकूंना यमुनाने ज्वारीचं पीठ पाठवलं आहे आणि त्यांच्याकडून कोकमं आली आहेत. मंत्रिमहोदयांचा पत्ता आता कोणत्या राज्यात आहे ते कळलेलं नाही.

परतल्याच्या संध्याकाळी जैनब खाला आल्या. पाळणा अजून आमच्याच खोलीत होता. शकू बाळाला घेऊन इकडे येईल तेव्हा लागेल म्हणून यमुनाने तो झाकून ठेवला होता.

"विमान में कित्ता वखत लगा, भाईसाब?"

"पावणेतीन तास," मी म्हणालो.

"उगाच खोटं सांगू नका," यमुना म्हणाली. "नऊ दिवस लागले, खाला. नवव्या दिवशी पोचलो."

खालांनी मान हलवली, जणू हाच आकडा त्यांना अपेक्षित होता. मग विचारलं, "पैसे गरीब को दिए?"

"दिले. तिच्याजवळ काहीच नव्हतं. अंगावर धड कपडासुद्धा नव्हता."

"हाय अल्ला," खाला कळवळल्या. "कौन थी बेचारी?"

यमुना पाळण्यावरची चादर सारखी करत राहिली. खालांनी तिच्याकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत बसल्या. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "नाम क्या रखे उस गरीब का?"